एकशे नव्व्याण्णव वेळा पास

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. दोन खोल्या, वर एक माळा आणि सात माणसं. त्यांतली चार नात्यातली. मालक हा भावोजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो त्यांना भावोजी म्हणे, म्हणून बोर्डावर सुटे भाग चिकटवणाऱ्या मुलीही त्यांना भावोजी म्हणत, कुरियरवाला भावोजी म्हणे, आणि एकदा आग विझवायची साधनं तपासायला आलेला अधिकारीसुद्धा जाताना "येतो, भावोजी" म्हणून गेला होता. एकोणसाठाव्या वर्षी माणसाला इतके मेहुणे असावेत, ही भाग्याची गोष्ट आहे. बायको मात्र एकच होती, आणि तिचंही त्यांच्याकडे फारसं लक्ष नसे.

आधी ते वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तो कारखाना बंद पडला तेव्हा मेहुण्याने त्यांना इथे आणलं. "घरातला माणूस आहे, काहीतरी तपासत बसेल," असं तो म्हणाला होता. भावोजींनी ते शब्दशः मनावर घेतलं. त्यांचा हिरवा शिक्का पडल्याशिवाय इथून पुठ्ठ्याचं खोकंही बाहेर जात नसे.

कारखान्यात बनायचा एकच माल. पत्त्याच्या कॅटाएवढे छोटे कॉम्प्युटर असतात, त्यांच्याखाली बसणारा एक बोर्ड. हे छोटे कॉम्प्युटर हुशार, पण नाजूक प्रकृतीचे. त्यांना स्वतःची बॅटरी नसते आणि भरवशाची डिस्कही नसते. वीज गेली की जागच्या जागी मूर्च्छा. आणि मूर्च्छा येताना काही लिहीत असले, तर मागचं लिहिलेलंही गिळून टाकतात. मेहुण्याच्या बोर्डावर दोन बॅटऱ्या होत्या आणि डिस्कची जागा होती. वीज गेली की बॅटरीने डोळ्याचं पातं लवायच्या आत भार उचलायचा, वीज किती वाजता गेली ते कॉम्प्युटरने डिस्कवर टिपायचं, आणि बॅटरीही संपत आली तर रीतसर झोपी जायचं. मेहुण्याने बोर्डाला आकडे असलेलं लांबलचक नाव दिलं होतं. भावोजी त्याला 'पाठराखीण' म्हणत.

त्या दिवशी सकाळी दहापासून बाहेरच्या खोलीत बियाणेबाई बसल्या होत्या. हे नाव मुलींनी ठेवलेलं. सत्तरीच्या, ताठ, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक प्लास्टिकची पेटी. पेटीत कॉम्प्युटर आणि त्याच्याखाली भावोजींनी वर्षभरापूर्वी शिक्का मारून पाठवलेली पाठराखीण.

बाईंनी एकतीस वर्षं हिंडून बी जमवलं होतं. सहाशे बारा पाकिटं. वाल, वाटाणे, भोपळे, कसकसली गवतं. यांतली निम्मी आता कुठल्याच शेतात नव्हती, फक्त पाकिटात होती. ती एका कॉलेजच्या मागच्या शीतखोलीत होती आणि ते कॉलेज आता पाडायचं होतं. दूरच्या एका मोठ्या बीजकोठाराने संग्रह घ्यायचं कबूल केलं होतं. तिथे गेलं की बी शंभर वर्षं सुखाने राहणार. अट एकच: शीतखोलीच्या तापमानाची वर्षभराची अखंड नोंद. खोलीत माणूस नाही, कीबोर्ड नाही, पडदा नाही. भिंतीवर नुसती ही पेटी. दर मिनिटाला एक आकडा. साडेअकरा महिने आकडे बिनबोभाट पडले आणि मग नऊ दिवस काहीच नाही. डिस्क खराब. पेटी गप्प.

"वीज गेली होती का?" भावोजींनी विचारलं.

"चौकीदाराला विचारलं. तो म्हणतो, गेली असली तर मी जागा असताना गेली नाही."

"मग तो फारच थोड्या वेळापुरतं सांगतोय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कोठाराचं पत्र काढलं आणि बोटाने ओळ दाखवली. नोंद तुटली आणि दोष नुसत्या डिस्कचा असेल, तर तूट माफ. पण वीज गेल्याने तुटली असेल आणि किती वेळ गेली ते सांगता येत नसेल, तर खोली किती तापली ते देवालाच ठाऊक. सबंध संग्रह बाद. समिती उद्या सकाळी बसणार होती. बोर्ड ठणठणीत असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला आज गेला, तर दोष डिस्कवर जाईल आणि सहाशे बारा पाकिटं कोठारात जातील.

"थोडं पेरून बघता येत नाही?"

"येतं की. लग्न टिकेल का हे वरातीत बघता येतं, तेवढंच. तापलेलं बी आज छान उगवतं हो. पंचवीस वर्षांनी उगवेल का, ते आज पेरून कळत नाही. आणि काही पाकिटांत सतरा दाणे आहेत. सतरा पेरून बघितले तर ठेवायला उरलं काय? पाकीट?"

भावोजींना ती बाई एकदम आवडली. चाळीस वर्षांत, तपासण्यात माल संपतो हे दुःख समजलेलं माणूस त्यांना भेटलं नव्हतं.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "या बोर्डावर माझा शिक्का आहे."

हे वाक्य आयुष्यात माणसाने जपून वापरावं.

त्यांनी पेटी उघडली, बोर्ड काढला, नवी डिस्क बसवली आणि आपल्या टेबलाशी बसले. समोर त्यांची तपासणीची वही, प्लास्टिकच्या कव्हरात. एकेचाळीस पायऱ्या, त्यांच्याच अक्षरात, प्रत्येक पायरीपुढे खुणेची चौकट. मेहुणा या वहीला 'भावोजींचं स्तोत्र' म्हणे. पायरी पहिली: हब जोडणे. हब म्हणजे कीबोर्ड, माऊस वगैरे एका जागी खोचायची सहा तोंडांची डबी. तिला स्वतःचा वेगळा अडॅप्टर. ती भावोजींनी घरून आणली होती. आजाऱ्याला एकटं सोडून तपासत नाहीत, यावर त्यांचा विश्वास होता. कॉम्प्युटर काय म्हणतो ते समोर बसून बघायचं, मधूनमधून कीबोर्डवरून विचारायचं, 'बाबा, शुद्धीवर आहेस ना?' कीबोर्डशिवाय कसं विचारणार?

मग वीज तोडायची. पुन्हा द्यायची. पुन्हा तोडायची. दोनशे वेळा.

पंचविसाव्याला मेहुणा डोकावला. "काय म्हणतेय?"

"मूग गिळून बसलीय. म्हणजे ठीक आहे."

पन्नास झाले. शंभर झाले. दर वेळी बटण खाली, पडद्यावर बॅटरीचं चिन्ह, आकड्यांची रांग चालूच. दर वेळी वहीतल्या दोनशे चौकटींपैकी एकीत खूण. दीडशेला भावोजींनी चहा घेतला आणि बाहेर बाईंनाही पाठवला. एकशे ऐंशीला ते स्वतः जाऊन सांगून आले, "आता औपचारिकता उरलीय." बाईंनी पिशवीवरचा हात सैल केला. पाच बोटं, एकेक करून. तो हात सकाळपासून आवळलेला होता हे भावोजींना तेव्हाच कळलं.

एकशे नव्व्याण्णव झाले आणि वहिनी आल्या. वहिनी म्हणजे मेहुण्याची बायको. ऑफिस, फोन, छपाई आणि मेहुणा हे सगळं त्यांच्याकडे होतं.

"भावोजी, तुमची ती डबी द्या. माझ्या कॉम्प्युटरची तोंडं गेलीत, प्रिंटर कशात खुपसू? दाखला छापायचाय ना तुमचाच?"

"एक राहिलंय, वहिनी."

"एकशे नव्व्याण्णव झाले ना? मुलगी देतानाही जावयाला एवढं बघत नाहीत."

भावोजी हसले. डबी काढून दिली. पडदा होताच समोर, एकदा कीबोर्डशिवाय बघितलं म्हणून काय बिघडतं, असा विचार त्यांनी केला. दुसरा कोणी असता तर त्याने दोनशेव्या चौकटीत तशीच खूण केली असती आणि सुखाने घरी गेला असता. पण ज्याला चौकट रिकामी दिसली की अंगाला खाज सुटते, त्याच्या नशिबी सुख कुठलं.

त्यांनी बटण खाली केलं. पडदा काळा झाला.

मग कोपऱ्यात चार अक्षरं आली, दहा आली, आणि कॉम्प्युटर झोपेतून उठलेल्या माणसासारखा आपण कोण, कुठले, याची चौकशी करू लागला. डिस्क वाचता येत नाही, म्हणाला.

आपलं बोट अडखळलं असेल असं भावोजींना वाटलं. डिस्क पुसून पुन्हा लावली. बटण खाली. काळा. पुन्हा. काळा. ते उठले, ऑफिसात गेले, प्रिंटरचा कागद अर्धा बाहेर असताना त्यांनी डबी उपटली. "अहो!" वहिनी म्हणाल्या. डबी लावली. बटण खाली. बॅटरीचं चिन्ह, आकड्यांची रांग चालू. डबी काढली. काळा.

चूक समजायला त्यांना दोन मिनिटं लागली, आणि त्या दोन मिनिटांत ते बरेच म्हातारे झाले. बॅटरी भार उचलत होती, पण पातं लवायच्या आत नव्हे, क्षणभर उशिरा. तेवढ्या क्षणापुरती हबमधून त्याच्या वेगळ्या अडॅप्टरची वीज उलटी कॉम्प्युटरात येत होती आणि त्याला सावरून धरत होती. लेकराला सायकल शिकवताना बाप मागून सीट धरतो, तसं. दोनशे फेऱ्या सायकल चालली आणि दोनशे फेऱ्या बापाचा हात सीटवर होता. फरक इतकाच की इथे हात कुणाचा आहे हे बापालाच ठाऊक नव्हतं. तो बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि वहीत खुणा करत होता.

शीतखोलीत हब नव्हता. शीतखोलीत कीबोर्डच नव्हता. म्हणजे डिस्क उगाच आजारी पडली नव्हती. वीज गेली होती. किती वेळ, ते लिहिणाराच बेशुद्ध होता.

आणि असेच आणखी अडतीस बोर्ड हिरवा शिक्का घेऊन बाहेर गेले होते.

मेहुणा आला. वहिनी अर्धवट छापलेला कागद घेऊन आल्या. भावोजींनी त्यांना दोन्ही करून दाखवलं, डबीसकट आणि डबीविना. मेहुण्याने वहिनींच्या हातातला कागद घेतला. मग तो त्याच्या चांगल्या आवाजात बोलला, ज्या आवाजात तो बहिणीकडून लहानपणी लाडू काढून घ्यायचा.

"भावोजी, पायरी पहिली काय?"

"हब जोडणे."

"कोणी लिहिली?"

"मी."

"दाखल्यावर काय छापलंय? 'ठरलेल्या तपासणीनुसार दोनशेपैकी दोनशे वेळा पास.' ठरलेली तपासणी म्हणजे तुमचं स्तोत्र. हब लावा, दोनशेवं करा, शिक्का मारा. यात खोटं कुठलं अक्षर आहे, मला दाखवा."

भावोजींनी कागद वाचला. खरंच, एकही नव्हतं. आयुष्यभर तपासण्या लिहून लिहून त्यांनी असा कागद तयार केला होता की ज्यात खोटं बोलायलाही खोटं बोलावं लागत नव्हतं.

"आणि बोर्ड मी सुधारेन की," मेहुणा म्हणाला. "एक भाग बदलायचाय. महिन्यात होईल. पण ती बाई बाहेर बसलीय, तिचं बघा ना. तिचं भलंच होतंय यात. कुणाचं वाईट होतंय?"

"पंचवीस वर्षांनी कुणीतरी पाकीट उघडेल त्याचं."

"पंचवीस वर्षांनी आपण आहोत का?"

"म्हणूनच."

"तुम्हाला आजच सापडायचं होतं का हो हे?" वहिनी म्हणाल्या. रागावून नव्हे, डोळ्यांत पाणी होतं. "एकशे नव्व्याण्णव पुरत नव्हते?"

"डबी तुम्ही नेलीत, वहिनी."

"म्हणजे आता माझ्यावर?"

"नाही हो. तुमच्यावर कसं? उलट, एवढ्या वर्षांत या कारखान्यात खरी तपासणी केलीत ती तुम्हीच."

मुलींनी हातातलं काम थांबवलं होतं. मेहुणा खुर्ची ओढून बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही आणि तुमचा शिक्का. करा काय करायचं ते." असं म्हणून सोडून देण्यात एक सोय असते, पुढे बोल लावायला जागा राहते.

भावोजींना सही करायची नव्हती असं नाही. उलट फार करायची होती. कागद घेऊन बाहेरच्या खोलीकडे चालताना ते मनात वाक्यं जुळवत होते. कदाचित वीज पाचच मिनिटं गेली असेल. कदाचित खोली तापलीच नसेल. बी काय, निसर्गात उन्हातच असतं की. दारापाशी पोचेपर्यंत त्यांनी स्वतःला जवळजवळ पटवलं होतं. तपासनिसाची हीच पंचाईत. त्याला स्वतःचं म्हणणंही लगेच पास करता येत नाही.

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि बोटं पुन्हा पिशवीवर आवळली.

"नाही ना?" त्या म्हणाल्या.

भावोजींनी सगळं सांगितलं. हब, उलटी वीज, सायकल, सगळं. छापलेला कागदही दाखवला, आणि हा खरा असूनही का खोटा आहे तेही सांगितलं. बाईंनी मधे एकदाच विचारलं.

"म्हणजे माझ्या खोलीत नुसता एक कीबोर्ड लावून ठेवला असता तर?"

"त्या डबीतून लावला असता, आणि डबीची वीज गेली नसती, तर चाललं असतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"मलाच माहीत नव्हतं."

"हं," बाई म्हणाल्या. मग उठल्या. "माझ्यासमोर करा."

त्यांना टेबलाशी आणून बसवलं. डबी लांब ठेवली. भावोजींनी बटण खाली केलं. पडदा काळा झाला.

"पुन्हा."

काळा. डिस्क पुसायची, लावायची, वाट बघायची. प्रत्येक वेळी पाच मिनिटं. बाई घाई करत नव्हत्या. मेहुणा भिंतीला टेकून उभा होता. वहिनींनी बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, तो त्यांनी काढला नाही. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं.

सातव्यांदा बटण खाली गेलं आणि पडद्यावर बॅटरीचं चिन्ह आलं. आकड्यांची रांग चालूच राहिली.

खोलीत कोणीतरी श्वास सोडला. एक मुलगी "टिकला!" म्हणाली आणि लगेच गप्प झाली.

"टिकला," बाई म्हणाल्या.

"टिकला," भावोजी म्हणाले. "कधीकधी बॅटरी वेळेवर पोचते. त्या दिवशीही पोचली असेल, असं म्हणता येईल." आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं आणि त्यांनी मान खाली घातली.

बाई त्या आकड्यांकडे बघत होत्या. एक, दोन, तीन ओळी नव्या पडल्या. चेहरा अगदी मऊ झाला होता. मेहुणा भिंतीपासून पुढे आला आणि टेबलावरचा छापलेला कागद त्याने हिरव्या शिक्क्याशेजारी सरकवला.

"आणखी तीन करा," बाई म्हणाल्या.

"बाई, राहू द्या ना," वहिनी म्हणाल्या.

"दहा तरी हवेत हो. सातावर कोणी थांबत नाही."

आठवं. नववं. दहावं. काळा, काळा, काळा.

"दहात एक," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "आमच्याकडे दहात एक उगवलं, की सबंध पाकीट टाकून देतात. मीच टाकत आलेय. हाताखालच्या पोरी रडायच्या, म्हणायच्या, बाई, एक उगवलाय ना, राहू द्या ना. मी म्हणायची, त्या एकाच्या भरवशावर कोणी शेत पेरलं, तर तो काय खाईल?"

भावोजींनी छापलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. हबशिवाय दहा वेळा वीज तोडली, एकदा टिकला, नऊ वेळा बंद पडला. वीज गेल्यामुळे नोंद तुटली असण्याची शक्यता. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचा त्यांना राग आला. 'नापास'चा लाल शिक्का खणात तळाशी सापडला; तो कधी वापरलाच नव्हता, शाई दगड झाली होती. शेवटी पेनानेच लिहिलं.

बाईंनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"तारीख राहिली."

त्यांनी तारीख घातली.

"आता काय करणार हो?" वहिनींनी विचारलं.

"समिती उद्या नाही म्हणेल. सोमवारी कॉलेज खोलीची वीज बंद करणार आहे, ते ठरलेलंच आहे." बाईंनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. "काही थोडं शेजाऱ्यांना देईन, कुंडीत लावा म्हणून. सहाशे बारा कुंड्या कोण लावतंय?"

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि दाराकडे निघाल्या. भावोजींनी घाईघाईने बोर्ड पेटीत बसवला, झाकण लावलं, टॉवेलात गुंडाळलं आणि मागे गेले.

"बाई, ही पेटी राहिली. मी नीट करून देतो. महिना लागेल. मी स्वतः, हबशिवाय, हजार वेळा तपासून देतो."

बाईंनी टॉवेल तेवढा काढून घेतला, घडी घातली, पिशवीत टाकला.

"पेटी राहू द्या तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मला आता कशाची नोंद ठेवायचीय?"